शेजारचं राज्य स्वस्त, आपलं श्रीमंत? सहा समजुती, सहा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आहे, काही गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्याकडे, तर स्टेशन मास्तरांची खोली पलीकडे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधूनच सीमारेषा जाते. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी बाकाच्या एका टोकाला दिवसाला ३१२ रुपये होती, दुसऱ्या टोकाला २८८. पेट्रोल मात्र पलीकडे लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. एवढ्यावरून कुठलं राज्य बरं, हे ठरवता येत नाही. तरीही पारावर आणि प्रचारसभेत यातला एखादाच आकडा उचलून निकाल दिला जातो.

गैरसमज १: महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशात सर्वांत मोठी, म्हणून इथला माणूस सर्वांत श्रीमंत.

वस्तुस्थिती: पहिला भाग खरा आहे. देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा १३ टक्क्यांहून जास्त आहे. पण २०११ च्या जनगणनेतच राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती आणि उत्पन्न तेवढ्या डोक्यांत विभागावं लागतं. २०२३-२४ मध्ये चालू किमतींनुसार महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न सुमारे २ लाख ७८ हजार रुपये होतं. गुजरातचं ३ लाखांच्या आसपास, कर्नाटकचं ३ लाख ३० हजारांच्या घरात आणि तेलंगणाचं साडेतीन लाखांच्या जवळपास. चिमुकला गोवा या सगळ्यांच्या बराच पुढे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दीड लाखाच्याही खाली. म्हणजे सहा शेजारी राज्यांपैकी चार आपल्या पुढे आहेत.

गैरसमज २: दरडोई उत्पन्न म्हणजे माणसाच्या खिशात पडणारे पैसे.

वस्तुस्थिती: या आकड्यात मजुरी असते, तसा कंपन्यांचा नफाही असतो. जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे किंवा दहेज-हजिराच्या रसायन उद्योगामुळे गुजरातचं उत्पन्न फुगतं, पण त्या प्रमाणात डांगच्या शेतकऱ्याचा खिसा भरत नाही. मुंबईतल्या बँकांच्या नफ्याचा गडचिरोलीला किती उपयोग होतो, हेही तसंच.

घरात काय शिजतं ते कळायचं तर कुटुंबांच्या खर्चाकडे बघावं. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या खर्च पाहणीनुसार ग्रामीण महाराष्ट्रात माणशी महिन्याचा खर्च ४,१४५ रुपये होता आणि ग्रामीण गुजरातेत ४,११६. दरडोई उत्पन्नात गुजरात पुढे, खर्चात मात्र दोघे जवळजवळ बरोबर. त्याच वेळी ग्रामीण कर्नाटकात हा खर्च ४,९०३ आणि तेलंगणात ५,४३५ रुपये होता. देशाची ग्रामीण सरासरी ४,१२२. म्हणजे सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्यातला खेडूत देशातल्या सरासरी खेडुतापेक्षा महिन्याला जेमतेम २३ रुपये जास्त खर्च करत होता.

गैरसमज ३: राज्य पुढारलेलं असलं की मजुरी आपोआप जास्त मिळते.

वस्तुस्थिती: रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या २०२२-२३ च्या आकड्यांनुसार पुरुष शेतमजुराची सरासरी रोजंदारी गुजरातेत सुमारे २४२ रुपये होती, मध्य प्रदेशात २२९ आणि महाराष्ट्रात ३०० च्या आसपास. देशाची सरासरी ३४६ आणि केरळात तब्बल ७६४. औद्योगिक गुजरात या बाबतीत मागास समजल्या जाणाऱ्या मध्य प्रदेशाच्या शेजारी बसतो, आणि आपणही देशाच्या सरासरीखाली आहोत. यंत्रांवर चालणारा उद्योग उत्पादन वाढवतो, पण माणसं थोडी घेतो. शेतीवर मजुरांची गर्दी तशीच राहते आणि भाव पडतो. केरळात आखाताकडे गेलेली माणसं आणि मजबूत कामगार संघटना यांनी तो भाव चढवला.

मग नंदुरबार-धुळ्याचे मजूर ऊसतोडीला बारडोली-नवसारीकडे का जातात? दिवाळीआधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि गाळप संपेपर्यंत सलग काम मिळतं. गावात मजुरी जास्त असून उपयोग काय, महिन्यातले दहा-बारा दिवसच काम असेल तर? मजुराची कमाई ठरते ती रोजाचा दर गुणिले कामाचे दिवस अशी. त्यातून उचलीची फेड वजा.

गैरसमज ४: ज्या राज्यात महागाईचा दर जास्त, ते राज्य महाग.

वस्तुस्थिती: महागाईचा दर भाव किती वाढले ते सांगतो, भाव किती आहेत ते नाही. ग्राहक किंमत निर्देशांकात पायाभूत वर्षी प्रत्येक राज्य १०० धरलं जातं, मग ते मुळात स्वस्त असो वा महाग. स्वस्त राज्यात दर चढा असू शकतो आणि महाग राज्यात उतरता.

भावांच्या पातळीचा अंदाज तेंडुलकर पद्धतीच्या दारिद्र्यरेषेवरून येतो, कारण ती राज्यनिहाय किमती धरून काढली होती. २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्रात ती माणशी महिना ९६७ रुपये होती, मध्य प्रदेशात ७७१. शहरी भागात महाराष्ट्राची १,१२६ आणि गुजरातची १,१५२. आकडे जुने आहेत, पण ‘गुजरातेत सगळं स्वस्त’ ही समजूत तेव्हाही शहरांना लागू नव्हती.

गैरसमज ५: पेट्रोल सर्वांत महाग महाराष्ट्रात, म्हणून सगळंच महाग.

वस्तुस्थिती: २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे साडेएकशेतीन, म्हणजे १०३ रुपये ५० पैसे होतं, तर हैदराबादेत १०७ च्या वर आणि भोपाळमध्ये १०६ च्या आसपास. अहमदाबादेत ते ९५ च्या आत-बाहेर. हा फरक राज्यांच्या करांचा आहे, कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. साबण, बिस्किटं, औषधं यांवर मात्र १ जुलै २०१७ पासून सगळीकडे एकच जीएसटी लागतो. खर्चातली खरी तफावत पडते घरभाड्यात, विजेच्या बिलात आणि शाळेच्या फीमध्ये. आणि ती राज्याराज्यांपेक्षा शहर आणि गाव यांच्यात जास्त आहे. पुण्याचं भाडं आणि परभणीचं भाडं एकाच राज्यातलं आहे.

गैरसमज ६: देशातला आपला वाटा घटला, म्हणजे महाराष्ट्र आकसला.

वस्तुस्थिती: पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार महाराष्ट्राचा वाटा एके काळच्या १५ टक्क्यांवरून १३.३ टक्क्यांवर आला. गुजरातचा वाटा १९६०-६१ मधल्या ५.८ टक्क्यांवरून २०२२-२३ पर्यंत ८.१ टक्के झाला. वाटा घटतो तेव्हा राज्य आकसत नाही, इतरांपेक्षा हळू वाढतं. ही चिंतेची गोष्ट आहे, पण ऱ्हासाची नव्हे. उलट, छोट्या पायावरचा मोठा दर पाहून हुरळूनही जाऊ नये. दीड लाखाचे १० टक्के म्हणजे १५ हजार, आणि पावणेतीन लाखांचे ६ टक्के म्हणजे साडेसोळा हजार.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘शेजारी बघा कुठे गेले’ किंवा ‘आपणच नंबर एक’ असं ठासून सांगितलं, तर तीन प्रश्न विचारा: आकडा एकूण की माणशी? भाववाढ वजा केली आहे का? आणि शेतमजुराच्या हातात वर्षाकाठी किती पडतं? महाराष्ट्राला पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच अभिमानाने देता येतं. तिसऱ्या प्रश्नात आपण देशाच्या सरासरीशीच झगडतो आहोत, आणि राज्याची खरी परीक्षा त्याच प्रश्नावर व्हायला हवी.