केबल कुठे झिजते?

घरी बांधलेल्या बऱ्याच छोट्या विमानांत रडर आणि एलिव्हेटर पोलादी केबलने हलतात. नेहमीची केबल ‘७ × १९’ची, म्हणजे सात पेडांत मिळून १३३ तारा. जाडी जेमतेम ३.२ मिलिमीटर, पण जस्तलेपित प्रकार साधारण ९०० किलोचा ताण सोसतो.

झीज होते ती पुलीवर आणि फेअरलीडमध्ये (केबल जिच्यातून सरकते त्या मार्गिकेत), नेमकी हात पोचत नाही तिथे. कापडाचा बोळा केबलवरून ओढायचा. तुटलेली तार धागा पकडते. बोटांनी चाचपू नये, कुसळ खोल जाते. पण पुलीच्या वळणावर तुटलेली तार ताणाखाली जागच्या जागी बसून राहते, कापडालाही कळत नाही. म्हणून केबल सैल करून तो भाग हलकेच वाकवून पाहायचा. बाहेरच्या तारा घासून एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसल्या, की झीज ४०-५० टक्क्यांवर गेली, केबल बदलायचीच.

स्टेनलेस केबल सहजी गंजत नाही, म्हणून हौशी मंडळींना आवडते. मात्र पुलीवर ती जस्तलेपित केबलपेक्षा लवकर झिजते, हे विक्रेता क्वचितच सांगतो.

हे सगळे तपासायचे कुणी? अमेरिकेत विमान बांधणाऱ्यालाच त्या विमानासाठी रिपेअरमन प्रमाणपत्र मिळू शकते. मग वार्षिक तपासणीवर सही त्याचीच.