परतणे आणि परत करणे

'पश्चात्ताप' हा शब्द आपल्या कानांस इतका सवयीचा झाला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणास वाटत नाही. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे होरपळ. कृत्य घडून गेल्यावर मनास लागणारी आच. संतसाहित्यातील 'अनुताप' या शब्दाची घडणही अशीच आहे. त्याच्या जोडीस दुसरा शब्द आला तो 'प्रायश्चित्त'. तो उच्चारताच ठरावीक दोषासाठी ठरावीक मापाचे व्रत किंवा दंड डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्तसभेने हे दोन्ही शब्द आपलेसे केले, व ते योग्यच झाले. तथापि एकात आच आहे, दुसऱ्यात माप आहे. ज्याचा अपराध घडला तो मनुष्य या दोहोंतही दिसत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस त्याच्याविषयी लिहावयाचे आहे.

नव्या करारातील ग्रीक शब्द 'मेतानोइया' म्हणजे मनाचा पालट. लॅटिन भाषांतरात त्याच्या जागी आलेल्या वाक्प्रयोगाचा अर्थ 'पश्चात्ताप करा' असाही होई आणि 'प्रायश्चित्त करा' असाही होई. १५१७ साली मार्टिन लूथर यांनी आपल्या पहिल्या दोन विधानांत नेमके यावरच बोट ठेवले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. जुन्या कराराचा शब्द अधिक साधा आहे. संदेष्टे ज्या हिब्रू क्रियापदाने इस्राएलास हाक मारतात ते 'शूव', म्हणजे मागे फिरणे, परतणे. ह्याच क्रियापदाचे प्रयोजक रूप लेवीयाच्या सहाव्या अध्यायात येते, आणि तेथे त्याचा अर्थ होतो परत करणे. ज्याने शेजाऱ्यास लुबाडले असेल त्याने ती वस्तू परत करावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्या दिवशी दोषार्पण आणावयाचे त्याच दिवशी ती धन्याच्या हाती द्यावी, असा तो नियम आहे. आपल्या मराठीतही 'परत' हा एकच शब्द ही दोन्ही कामे करतो. आम्ही हा योगायोग अनेक वर्षे वाचला, शिकवला, परंतु त्याचे मर्म आम्हांस एका बाईने समजावून दिले.

पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कधीही लिहिणार नाही. ही हकीकत उघड्यावर घडलेली आहे आणि संबंधितांच्या संमतीने येथे देत आहोत. बेळगावकडील एका धर्मग्रामात आम्ही नवीन असताना तेथील एक प्रौढ गृहस्थ दर उत्तम शुक्रवारी क्रूसापुढे हमसून रडत. सर्व गाव ते पाही. 'मी महापापी आहे,' असे ते आवारात चारचौघांत म्हणत, आणि आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून देवाच्या दयेविषयी बोलत असू. एके दिवशी त्यांची विधवा बहीण दाखला नेण्यास कार्यालयात आली. वडिलांच्या मृत्यूनंतर भावाने तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यान्वये मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे तिला पुढे कळले. ती म्हणाली, "फादर, दादा देवाकडे दर वर्षी रडतो. माझ्या दारी एकदाही आला नाही."

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या सांत्वनाने त्या गृहस्थांना बहिणीच्या दाराची वाट चुकवण्यास मदतच झाली होती.

यानंतर जक्कयाची कथा (लूक १९) आम्ही निराळ्या नजरेने वाचू लागलो. उंबरावर चढलेल्या ह्या मुख्य जकातदाराच्या अश्रूंचा उल्लेख लूक करीत नाही. तो उभा राहून हिशेब सांगतो: अर्धे धन गोरगरिबांस, आणि ज्याचे लुबाडले असेल त्यास चौपट. चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी नियमशास्त्राने सांगितलेली भरपाई तो आपण होऊन स्वतःस लावून घेतो. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. येशू त्याच्या घरी उतरण्याचे आधी ठरवतो आणि हिशेब मागाहून येतो. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे. यहूदाचे उदाहरण याच्या उलट आहे. त्याने तीस रुपये परत केले, परंतु ज्याचा विश्वासघात केला त्याच्याकडे तो परतला नाही. आमचे गृहस्थ परतत होते, पण परत करीत नव्हते.

ट्रेंट महासभेने १५५१ मध्ये पश्चात्तापी मनुष्याची तीन कृत्ये सांगितली: अनुताप, पापनिवेदन आणि भरपाई. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही पापविमोचनाने पाप दूर होते, पण त्याने घडलेली सर्व हानी भरून निघत नाही, म्हणून चोरलेले परत करावे, ज्याची निंदा केली त्याचे नाव पुन्हा उजळावे, असे म्हटले आहे. निंदेचे प्रकरण जमिनीहून कठीण, कारण सातबारा शोधता येतो, पसरलेला शब्द शोधता येत नाही. निदान ज्यांच्या कानी आपण तो घातला त्यांच्याकडे तरी जाता येते. ज्याचा अपराध केला तो हयात नसेल तर त्याचे वारस असतात. ज्याच्यापाशी देण्यास खरोखरच काही नाही त्याच्यावर अशक्य ओझे लादावे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. परंतु आमचा अनुभव असा की 'आता काय करता येणार?' हे वाक्य बहुधा ज्यांना करता येण्याजोगे असते तेच उच्चारतात.

त्या गृहस्थांकडे आम्ही स्वतः गेलो, आणि प्रथम आमची चूक त्यांच्यापुढे मांडली. ते रागावले, दोन वर्षे आमच्याशी बोलले नाहीत, उत्तम शुक्रवारी दुसऱ्या धर्मग्रामात जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्यांनी उरलेल्या जमिनीचा अर्धा भाग बहिणीच्या नावे केला. विकलेल्या भागाचे पैसे ते अद्याप हप्त्यांनी देत आहेत. बहिणीने पहिला हप्ता घेतला तेव्हा चहा विचारला नाही. अलीकडे विचारते, असे ऐकतो.