पूर्ण कोयता, अर्धा कोयता आणि ऑस्ट्रेलियाची सोडत

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रक व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ सुरू होते. आत गोधड्या, भांडी, एखादी शेळी, लहान मुले आणि वर बसलेली नवराबायको. ही जोडपी ऊसतोडणीसाठी निघालेली असतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी थेट कर्नाटकात. या व्यवसायात मजुरांची गणती माणशी होत नाही. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकटेच कोणी आले तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते आणि खाडा पडला तर भुर्दंडही कोयत्यावरच बसतो. प्रवरानगरला आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्या जिल्ह्यातूनच माणसे ऊस तोडण्यासाठी बाहेर जातात, ही अहिल्यानगरची जुनी विसंगती आहे. बाजारपेठेतील आपल्या कुटुंबांना ती गल्ल्यावर बसून चांगली परिचित आहे, कारण उचल हाती आली की किराणा आणि कापडाची खरेदी त्याच आठवड्यात होते.

आता याच पेठेतील घरांत जोडीने काम करीत प्रवास करण्याचा एक अगदी निराळा विषय येऊ लागला आहे. मुलगा २७ वर्षांचा, सून २५ वर्षांची, दोघेही पदवीधर. लग्नाला वर्ष झालेले. दुकान आहे, पण पुढे मूलबाळ आणि व्यापाराचा भार यांत अडकण्यापूर्वी एक वर्ष ऑस्ट्रेलियात काम करावे, हिंडावे, असे त्यांच्या मनात असते. वडिलांचा पहिला प्रश्न असतो, 'व्हिसा कसला?' त्याचे उत्तर नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण एजंट जे सांगतात त्यात अर्धे गाळलेले असते.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्याअन्वये भारतीय तरुणांना 'वर्क अँड हॉलिडे' या प्रकारचा व्हिसा खुला झाला. वर्षाला जागा १,०००. वय १८ ते ३० पूर्ण; उच्च माध्यमिक शिक्षणानंतर किमान २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला; कामापुरते इंग्रजी; खात्यात सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर व परतीच्या तिकिटाची तरतूद; सोबत अवलंबून असलेले मूल नको. मुदत १२ महिन्यांची. एका मालकाकडे सर्वसाधारणपणे ६ महिन्यांहून अधिक काम करता येत नाही. वास्तव्य हिंडण्यासाठी आहे आणि काम त्या हिंडण्याचा खर्च निघावा यासाठी आहे, हा यामागचा मूळ विचार होय. स्थायिक होण्याची ही वाट नव्हे.

जागा थोड्या असल्याने सोडत काढली जाते. पहिली सोडत १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीस खुली झाली. पासपोर्ट आणि पॅन यांच्या आधारे नाव नोंदवायचे, शुल्क २५ डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० नोंदी झाल्याचे ऑस्ट्रेलियन सरकारकडून सांगण्यात आले.

जोडप्यांच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की या सोडतीत नवराबायको हे एकक नाही. इथे प्रत्येकजण अर्धा कोयताच असतो. दोघांनी स्वतंत्र नोंदणी करायची, दोघांची नावे स्वतंत्रपणे निघायची. ४० हजारांचा तोच आकडा धरून हिशेब मांडला तर एकाचे नाव निघण्याची शक्यता ४० त १ येते. दोघांचीही नावे निघण्याची शक्यता १,६०० त १. आणि दोघांपैकी नेमके एकाचेच नाव निघण्याची शक्यता साधारण २० त १. म्हणजे जोडीने जाण्याच्या योगापेक्षा जोडी फुटण्याचा योग सुमारे ७८ पट अधिक. व्याजाचा दर पाव टक्क्याने हलला तरी ज्यांच्या लक्षात येते त्या घरांत हा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाही. दोघे नोंदणी करतात आणि दोघेही जाणार असे धरून विमानाच्या तिकिटांचे भाव पाहत बसतात.

समजा, नाव एकट्या सुनेचे निघाले. मुलगा पर्यटक व्हिसावर काही काळ तिच्याकडे जाऊ शकेल, पण तेथे त्याला काम करता येणार नाही. मग सुनेने एकटीने जायचे का? नाव मुलाचे निघाले असते तर हा प्रश्न ज्या सहजतेने सुटला असता, त्याच सहजतेने तो येथे सुटेल काय? नोंदणीपूर्वीच या प्रश्नाचे उत्तर घरात ठरलेले असले पाहिजे. सोडत लागल्यावर ठरविलेले उत्तर हे बहुधा निर्णय नसतो, रुसवा असतो.

दोघांची नावे निघाली असे धरून पुढे पाहू. त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्वीन्सलँडमधील केर्न्सच्या दक्षिणेला, केळीच्या बागांचा प्रदेश आहे. तेथील टली गावात पावसाची आठवण म्हणून ७.९ मीटर उंचीचा सोनेरी रबरी बूट उभारला आहे. १९५० साली तेथे तितका पाऊस पडला होता. नगरला वर्षभरात सरासरी अर्धा मीटरच्या थोडा वर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बुटाची उंची कळते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील पावसाळा. चक्रीवादळे याच काळात येतात, समुद्रात विषारी जेलीफिश असतात आणि खाडीच्या मुखाशी मगरी. केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून चालण्याचे काम पुरुषांनाही जड जाते. पॅकिंग शेडमधील उभे राहण्याचे काम त्या मानाने सोसवते.

आतल्या भागाचे चित्र याच्या नेमके उलट. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट महामार्ग २,७०० किलोमीटरहून लांब आहे आणि मध्ये वस्तीच्या नावाने काही ठिकाणी केवळ 'रोडहाऊस' असते: पेट्रोल पंप, खानावळ, चार खोल्या. पुढचा पंप शे-दोनशे किलोमीटरवर. आजारी माणसाला नेण्यासाठी १९२८ पासून विमानातून येणारे डॉक्टर आहेत. अशा ठिकाणी जोडपे कामाला मिळाले तर मालकांना ते हवे असते: एकाने पंप आणि गल्ला पाहावा, दुसऱ्याने स्वयंपाकघर आणि खोल्या. गावाकडच्या दुकानात वाढलेल्या मुलांना या कामाचा अर्धा भाग उपजतच येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून गेलेले फेरीवाले याच ओसाड मुलखात पाठीवर आणि गाडीवर कापड, सुया, भांडी विकत हिंडत असत. लोटा-दोरी घेऊन मारवाडातून दख्खनच्या खेड्यांत आलेल्या पूर्वजांच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, त्यांना ते फेरीवाले परके वाटणार नाहीत.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात ३ महिने ठरावीक प्रदेशात ठरावीक प्रकारचे काम करावे लागते. येथे श्रावकाच्या घराने थांबून यादी वाचावी. त्या यादीत फळांची तोडणी आहे, हॉटेलकाम आहे, बांधकाम आहे. तसेच पशुपालन, कत्तलखाना, कातडी कमावणे, मासेमारी आणि मोत्यांच्या शिंपल्यांची शेतीही आहे. पंधरा कर्मादानांची नावे प्रतिक्रमणात पाठ म्हणणाऱ्या मुलांना हा पाठ प्रथमच अर्थासह भेटेल. मोती विकणे निराळे आणि शिंपला उघडणे निराळे, हा भेद आपल्या पेठेत पुरतो. तेथे पुरत नाही. रोडहाऊसच्या स्वयंपाकघरात मांस शिजतेच आणि बारमध्ये दारू द्यावी लागते. तेव्हा 'हॉटेलकाम' म्हणजे नेमके कोणते, हे होकार देण्यापूर्वी विचारले पाहिजे. दिग्व्रत घेतलेल्यांनी आपल्या मर्यादेचाही विचार करावा. आहाराचे म्हणाल तर अशा खानावळीत शाकाहारी म्हणून जे समोर येते ते बहुधा तळलेला बटाटा असते आणि कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला तेही चालत नाही. मोठ्या गावांत डाळ, तांदूळ, पीठ मिळते. स्वतःचा कुकर सोबत असावा. घरून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरील कार्डावर लिहून दाखवावा. लपविल्यास जबर दंड होतो.

आता पैशांचे. १ जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे. हंगामी कामगाराला त्यावर २५ टक्के अधिक, म्हणजे ३१ डॉलरच्या थोडे वर. ३८ तासांच्या आठवड्याचे सुमारे १,१८५ डॉलर होतात. या व्हिसाधारकांना पहिल्या डॉलरपासून ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर आहे. हाती सुमारे १,००७ उरतात. मालकाने भरलेला १२ टक्के निवृत्तिनिधी देश सोडताना परत मागता येतो, पण त्यातून ६५ टक्के कर कापला जातो. फळांच्या तोडणीत नगावर मजुरी असली तरी २८ एप्रिल २०२२ पासून तासाच्या किमान मजुरीची हमी आहे. कर क्रमांकाऐवजी धंद्याचा क्रमांक काढून 'कंत्राटदार' म्हणून काम करा असे कोणी सांगितले, तर ती हमी सोडण्याचे आमंत्रण समजावे.

मात्र हा हिशेब पूर्ण आठवड्याचा आहे. पाऊस आला की तोडणी थांबते, मजुरी थांबते, खाटेचे भाडे थांबत नाही. तेथे अशीही वसतिगृहे आहेत की ज्यांचा चालकच शेतावर काम मिळवून देतो आणि भाडेही तोच घेतो. हंगाम मंद असला तरी 'पुढच्या आठवड्यात काम आहे' असे सांगून माणसे थांबवली जातात. पाथर्डीच्या माणसाला हा मुकादम लगेच ओळखू येईल. २३ जून २००० रोजी क्वीन्सलँडमधील चिल्डर्स येथे अशाच मुसाफिरांच्या वसतिगृहाला आग लागून १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी अनेकजण फळतोडणीसाठी आलेले होते. खोली घेताना बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोठे आहे ते पाहावे. तसेच चार आठवडे काहीही न मिळाले तरी पुरेल इतकी रक्कम बाजूला असावी आणि ती दोघांच्या स्वतंत्र खात्यांत असावी.

उसतोडीहून परतणारे जोडपे उचल फिटली की नाही एवढेच पाहते. ऑस्ट्रेलियाहून परतणाऱ्या जोडप्यावर उचल नसते, परंतु त्यांच्या गैरहजेरीत दुकानाचा गल्ला कोणी सांभाळला, चातुर्मासात घरी कोण होते, याचा जमाखर्च घरात कुठेतरी मांडला जातोच. तो जाण्यापूर्वी बोलून घेतलेला बरा. उत्तरेकडील कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर असतो आणि पर्यटनाचे काम याच काळात सर्वाधिक मिळते. पर्युषण त्यातच येते.

निवडीचे पत्र घराच्या पत्त्यावर येत नाही. ते नाव निघालेल्याच्या स्वतःच्या ई-मेलवर येते आणि तेथून व्हिसाचा अर्ज करण्यास २८ दिवस मिळतात.