वर्गणी भरली, पुस्तक कुठे आहे?

आमचा भाचा ताडीवाला रोडला राहतो, नववीत शिकतो. गेल्या वर्षी मे महिन्यात म्हणाला, ''मामा, सबस्क्रिप्शन भरायचंय, पैसे द्या ना.'' आम्ही म्हणालो, जयंती तर होऊन गेली, आता कसली वर्गणी? तर म्हणे, मोबाईलवर कॉमिक्स वाचायची वर्गणी! वर्षाचे पैसे एकदम भरले की शेकडो अंक वाचायला मोकळे. पोरगा वाचतोय ना, मग भरून टाकले. वर्ष सरले, पुन्हा पैसे भरायचे राहून गेले आणि एका सकाळी सगळे अंक कुलूपबंद! वर्षभर पैसे मोजून घरात एक पानही उरले नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले, तुम्ही पुस्तके विकत घेतलीच नव्हती.

म्हणजे हे भाडे होते. भाडे थकले की बिऱ्हाड बाहेर, हे झोपडपट्टीत वाढलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण विकत घेतले तरी भरवसा आहे काय? 2009 साली अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटीफोर' ही कादंबरी वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. वाचकांनी तिचे पैसे मोजलेले होते. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण घरात शिरून फळीवरचे पुस्तक उचलून नेता येते, हे तर सिद्ध झाले!

वर्गणीचे आम्हाला वावडे नाही. चळवळीची वृत्तपत्रे वर्गणीवरच जगली आणि वर्गणी थकली म्हणूनच मेली. 1920 साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला पुण्याच्या 'केसरी'ने नकार दिला होता. 1927 साली बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढले. त्यात पानेच्या पाने ते स्वतः लिहीत, तरी पैशाअभावी ते 1929 साली बंद पडले. तेव्हा फुकट मिळते ते वाचा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. प्रश्न एवढाच, की वर्गणी भरून आपल्या पोरांच्या हाती काय पडते?

'अमर चित्र कथा' 1967 साली सुरू झाली. देव, अवतार, राजे, ऋषी यांचे अंकावर अंक निघाले. बाबासाहेबांवरचा अंक यायला 1979 साल उजाडले. तो चितारला दिलीप कदम यांनी, आणि तो वाचून बाबासाहेब प्रथम कळले असे सांगणारी माणसे आम्हाला भेटतात. चित्राची ताकद ही अशी असते. अमेरिकेत 1957 साली मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानांचे कॉमिक निघाले, किंमत दहा सेंट. ते चर्चमधून, शाळा-कॉलेजांतून हातोहात फिरले. ते वाचलेला जॉन लुईस नावाचा तरुण पुढे खासदार झाला आणि त्याने स्वतःच्या लढ्याची कहाणी 'मार्च' या तीन भागांच्या कॉमिकमध्येच सांगितली. आणि आपल्याकडे अजून कॉमिक म्हणजे पोरखेळ!

भाच्याने त्या मोबाईलवर 'ब्लॅक पँथर'ही वाचला. एकदा विचारतो, ''मामा, आपली दलित पँथर यावरनं निघाली का?'' आम्हाला हसू आले, पण प्रश्न फालतू नव्हता. मार्व्हलचा तो नायक जुलै 1966 च्या अंकात आला आणि ओकलंडचा ब्लॅक पँथर पक्ष त्याच ऑक्टोबरात निघाला. पण पक्षाने नाव कॉमिकवरून घेतले नाही. अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात काळ्या मतदारांच्या संघटनेचे चिन्ह काळा चित्ता होते, तिथून ते आले. त्या पक्षापासून स्फूर्ती घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे आम्ही सांगितले तेव्हा पोराने मोबाईल बाजूला ठेवला. म्हणाला, ''मग ढसाळांचं कॉमिक कुठंय?''

कुठे आहे? शोधल्यावर आम्हाला दोन पुस्तके सापडली, दोन्ही 2011 सालची, 'नवयान'ने काढलेली. 'भीमायन' परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी काढले आहे. त्यात प्रेमाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि जातीचे विष ओकणाऱ्या शब्दांना विंचवाची नांगी असते. दुसरे जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरचे, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचे. 'गुलामगिरी' 1873 ची, लिहिणारा पुण्याच्या गंज पेठेतला. पण हे कॉमिक आमच्या हाती आले ते इंग्रजीत!

अडचण हक्कांची म्हणावी, तर फुल्यांच्या लेखनावर आज कुणाची मालकी नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षांची मुदत 2016 अखेर संपली. चित्रकार आपल्यात आहेत, जयंतीच्या कमानी आणि भिंती रंगवतात तेच. पैसा? एका रात्रीच्या डीजेचे भाडे विचारा, म्हणजे कळेल पैसा आहे की नाही ते. भिडे वाडा 2023 च्या डिसेंबरात पाडला गेला. तिथे 1848 साली कोणत्या मुली पाटी घेऊन बसल्या, हे वस्तीतल्या पोरीने कुठल्या चित्रात बघायचे?

मोबाईलची आणखी एक गोष्ट आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तीन पोरे आणि एक फोन. तोही बाप कामावर नेतो. वर्गणी एकाच्या नावाची, ती शेजारच्या पोराला देता येत नाही. आम्ही 'भीमायन'ची छापील प्रत घेऊन दिली, तीही इंग्रजीत. भाचा शब्दकोश मांडीवर घेऊन बसला. मग ती वस्तीतल्या अभ्यासिकेत गेली. महिन्याभरात मुखपृष्ठ सुटले, कुणीतरी चिकटपट्टी लावली, एका पानावर चहाचा डाग पडला. परवा आम्ही विचारले, पुस्तक कुठे आहे? भाचा म्हणाला, ''मागच्या गल्लीत आहे कुणाकडं तरी. नंबर लागलेत.''