शेवटच्याचा वेग

सायकल क्लबच्या रविवारच्या राइडचे फोटो पाहिले, तर त्यांत सर्वांत कमी दिसतो तो ताफ्याच्या अगदी शेवटी चालणारा. क्लबमध्ये त्याला ‘स्वीप’ म्हणतात. बहुधा तो क्लबमधल्या दमदार सायकलस्वारांपैकी एक असतो आणि त्या सकाळपुरतं त्याचं काम एकच असतं : आपल्या मागे कोणालाही राहू द्यायचं नाही. कुणाचं पंक्चर झालं की तो थांबतो, चेन उतरली की हात काळे करून घेतो, एखादा नवखा चढावर उतरून सायकल ढकलू लागला तर हाही उतरतो आणि गप्पा मारत त्याच्या बरोबर चालतो.

पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, कोल्हापूर, सगळीकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत असे क्लब उभे राहिले. त्यांच्याविषयी बातम्या येतात त्या किलोमीटरच्या आणि विक्रमांच्या. ते कौतुक योग्यच आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. पण क्लबमधल्या बहुसंख्यांना अशा शर्यतीत उतरायचं नसतं. त्यांना रविवारी पहाटे चारचौघांबरोबर खडकवासल्यापर्यंत जायचं असतं, पोहे खायचे असतात आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं असतं. या साध्या इच्छेतूनच एक अवघड गोष्ट जन्माला येते. अंगात पळायची ताकद असलेली माणसं स्वखुशीने सर्वांत हळू माणसाच्या गतीने जायला तयार होतात. ही तयारी आपोआप येत नाही. तिला दीडशे वर्षांच्या सवयींचा आधार आहे.

जगातला सर्वांत जुना मानला जाणारा आणि आजही चालू असलेला सायकल क्लब लंडनचा. हॅकनी डाउन्स भागात २२ जून १८७० रोजी तो स्थापन झाला. चार्ल्स डिकन्स जाऊन तेव्हा दोनच आठवडे होत आले होते. म्हणून त्याच्या कादंबरीवरून क्लबचं नाव ‘पिकविक बायसिकल क्लब’ ठेवलं आणि प्रत्येक सभासदाने त्या कादंबरीतल्या एकेका पात्राचं नाव घ्यायचं असं ठरलं. त्या काळी सायकलचं पुढचं चाक छातीपर्यंत उंच असे. तिच्यावर चढणं-उतरणं हीच एक कसरत होती आणि ताफ्यातला एक जण अचानक थांबला तर मागचे त्याच्यावर कोसळत. त्यामुळे अशा क्लबांनी पलटणीसारखी व्यवस्था लावली. पुढे कप्तान, त्याच्या हाताखाली उपकप्तान आणि सोबत बिगुलवाला. चढा, उतरा, थांबा, प्रत्येकासाठी बिगुलाचा वेगळा सूर. आज बोपदेव घाटाकडे निघालेल्या ताफ्यात ‘खड्डा!’, ‘गाडी मागून!’, ‘स्पीडब्रेकर!’ अशा आरोळ्या पुढून मागे आणि मागून पुढे सरकत जातात, त्या याच बिगुलाच्या वंशातल्या.

पुढची पायरी १८७८ सालची. यॉर्कशरमधल्या हॅरोगेट गावी ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला. पाच वर्षांनी त्याचं नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झालं. या क्लबने सायकलस्वारासाठी रस्ता वापरण्याजोगा केला. जीवघेण्या उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या, गावोगावच्या खाणावळींशी ठरावीक दर बोलून घेतले आणि तिथे पंखवाल्या चाकाचं आपलं चिन्ह टांगलं. १८८० सालीच त्यांनी स्त्रीला सभासदत्व दिलं. १८९९ साली सभासद साठ हजारांवर गेले. आपल्याकडच्या क्लबांनी या इतिहासातून एकच धडा घ्यायचा तर मी म्हणेन, पाट्यांचा घ्या. कोणत्या वळणावर खडी पसरलेली असते, कोणत्या पुलाच्या सांध्यात चाक अडकतं, हे दर रविवारी तिथून जाणाऱ्या क्लबाला जितकं ठाऊक असतं तितकं दुसऱ्या कोणालाही नसतं. ते ज्ञान ग्रुपवरच्या निरोपांत विरून जातं, याची मला खंत वाटते.

वेगाचा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने सोडवायला घेतला तो इटलीत आणि फ्रान्समध्ये. १२ जून १८९७ रोजी बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले, सुमारे २३० किलोमीटर, उजेड आहे तोवर पोचायचं या बोलीने. त्यातून ‘ऑडॅक्स’ प्रकार जन्मला. टूर द फ्रान्स शर्यत ज्याने सुरू केली त्या आंरी देग्रांजने १९०४ साली तो फ्रान्समध्ये आणला. जगातली सर्वांत क्रूर सायकल शर्यत उभी करणाऱ्या माणसाने पुढच्याच वर्षी शर्यत नसलेल्या सायकल प्रवासाला नियम घालून दिले, हे मला फार बोलकं वाटतं. फ्रेंच ऑडॅक्समध्ये दोनशे किलोमीटर जायचे ते गटाने. पुढे कप्तान, त्याने धरलेला वेग ठरावीक, त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. १९२१ साली मात्र या मंडळींत फाटाफूट झाली. ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ने वेगळी वाट धरली : प्रत्येकाने आपापल्या गतीने जावं, फक्त ठरलेल्या वेळेत पोचावं.

आपल्याकडे आज ‘बीआरएम’ नावाच्या ज्या लांब पल्ल्याच्या राइड होतात त्या या दुसऱ्या शाखेच्या. ‘ऑडॅक्स इंडिया रॅन्दोनर्स’च्या छत्राखाली पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथून दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या राइड निघतात. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. पहिला-दुसरा क्रमांक नाही. पण रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेला तुम्ही एकटे असू शकता. नियमांना त्याचं काही वाटत नाही. गटाने जायचं, कप्तानामागे राहायचं ही पहिली शाखा मात्र आपल्या रविवारच्या राइडमध्ये नकळत जिवंत आहे. पॅरिसला जाऊन बाराशे किलोमीटर नव्वद तासांत पुरे करणाऱ्या मराठी सायकलस्वारांविषयी मला आदर आहे. तरीही क्लबचा खरा कस मी त्याच्या पंचवीस किलोमीटरच्या राइडमध्ये पाहतो.

तो कस लागतो कसा, हे समजायला वाऱ्याचा हिशेब पाहावा लागतो. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेशी झगडायला आठपट शक्ती लागते. कोणाच्या तरी मागच्या चाकाला लागून गेलं की या कष्टांतला मोठा वाटा वाचतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाच्या बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा विरोध अवघा पाच ते दहा टक्के होतो असं दिसलं. आता नवख्याच्या बाजूने विचार करा. जोवर तो पुढच्याच्या चाकाला लागून आहे तोवर त्याचं भागतं. एका खड्ड्यापाशी तो थोडा बिचकला, पाच-सहा मीटर मागे पडला, की आडोसा गेला. आधीच दमलेल्या माणसाला आता त्याच वेगासाठी कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. म्हणून ताफ्यातून सुटणं हळूहळू होत नाही, एका क्षणात होतं. आणि ज्याला आडोशाची सर्वांत जास्त गरज असते तोच तो आधी गमावतो. ‘जमेल तसं या मागून’ असं म्हणणाऱ्या क्लबाला हा हिशेब कळलेला नसतो.

याला जोडूनच ताफ्याच्या शेपटीचं दुखणं येतं. स्पीडब्रेकर ओलांडून पुढचा झटकन वेग घेतो तेव्हा शेवटचे अजून ब्रेक दाबत असतात. पुढचा फक्त पूर्वीच्या वेगाला येतो. मागच्यांना मात्र पडलेली फट भरून काढायला त्याहून जोरात पळावं लागतं. कात्रजपासून सासवडपर्यंत असे किती स्पीडब्रेकर येतात ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला ठाऊक आहे. चांगला राइड लीडर म्हणून ओळखावा तो इथे. अडथळा ओलांडल्यावर तो पेडल जवळजवळ सैल सोडतो आणि मागून ‘सगळे आले’ ही हाक आल्यावरच पुढे निघतो. असे लीडर तयार करायला क्लबाला वर्षं लागतात.

घाटात हा सगळा हिशेब बदलतो. डोणज्याच्या बाजूने सिंहगडाच्या माथ्यापर्यंत सुमारे नऊ किलोमीटरचा चढ. तिथे वेग ताशी आठ-दहावर येतो, हवेचा प्रश्न उरत नाही. आपलं आणि सायकलचं वजन वर न्यायचं, एवढंच उरतं. कुणाच्या मागे लागून फारसं काही वाचत नाही, आणि प्रत्येकाला आपली लय सापडली तरच चढ सुटतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आले ते याचमुळे. घाट माणसं वेगळी करतो. त्यामुळे शहाणे क्लब घाटात ताफा मोडू देतात आणि माथ्यावर पुन्हा जुळवतात. माथ्यावरचा नियम मात्र कडक हवा. शेवटचा माणूस वर आल्यावर त्यालाही बसायला, पाणी प्यायला, दोन घास खायला वेळ मिळाला पाहिजे. पुष्कळदा होतं ते उलटं. पहिले येऊन वीस मिनिटं झालेली असतात, अंग थंड पडलेलं असतं, आणि शेवटचा टेकला रे टेकला की सगळे उठतात. ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. सिंहगडावर मडक्यातलं दही सगळ्यांनी एकत्र खाल्लं पाहिजे, हा माझा आग्रह म्हणूनच आहे.

ठरवून हळू जाण्याची ही कला महाराष्ट्राला परकी नाही. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरपर्यंत सायकलवारी जाते, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून आणि इतर गावांहूनही जातात. पालखी सोहळ्यात दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात, चोपदार चोप उंचावतो तेव्हा एवढा मोठा जनसागर शांत होतो. मोठ्या सायकल ताफ्याला पुढेमागे सांभाळणाऱ्यांचं काम चोपदाराच्या कामासारखंच आहे. त्यांचा शब्द पाळला जातो कारण ते स्वतःसाठी काही मागत नाहीत.

मुंबईच्या सायकलस्वारांनी एकत्र राहण्याची याहून कठीण परीक्षा फार पूर्वी दिली होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. १८ मार्च १९२८ रोजी सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून मुंबईत परतले ते तिघे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. त्यांच्या प्रवासवर्णनाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. साडेचार वर्षं वाळवंटांतून, जंगलांतून तिघांनी एकमेकांचा वेग सांभाळला. वाटेत तिघे गळाले, यात मला नवल वाटत नाही. तिघे टिकले, याचंच वाटतं.

स्त्रियांच्या बाबतीत गटाने जाण्याचा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो. नोव्हेंबरात पहाटे साडेपाचला मुळशीच्या रस्त्यावर अंधारच असतो. त्या अंधारात एकट्या बाईने सायकलवर निघणं आज किती घरांना मान्य होईल? वीस जणांच्या ताफ्यात तीच बाई निर्धास्त जाते. पन्नाशीनंतर, मुलं मोठी झाल्यावर, शाळेत असताना सुटलेली सायकल पुन्हा हातात घेणाऱ्या अनेक जणी क्लबांत आहेत. पण त्यांनी टिकायचं तर थांबे निवडताना मिसळ कुठे चांगली मिळते याच्या आधी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहावं लागेल. बऱ्याच क्लबांच्या मार्ग ठरवणाऱ्यांत एकही बाई नसते, आणि ते थांब्यांवरून लगेच कळतं.

अजून एक मोठी उणीव आहे. पुणं सायकलींचं शहर होतं ते सायकलीवर कामाला जाणाऱ्यांमुळे. नगरपालिकेचा बिल्ला लावलेली, रात्री कंदील न लावल्यास दंड होणारी, डबलसीट नेताना पोलीस दिसला की मागच्याने उडी मारायची ती काळी सायकल खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या कामगारांची होती. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही पाहायला मिळते. ते दालन प्रत्येकाने पाहावं. पण रस्त्यावरची ती काळी सायकल अजून संग्रहालयात गेलेली नाही. वॉचमन, गवंडी, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं ती आजही चालवतात. रविवारी पहाटे क्लबचा ताफा त्यांच्या शेजारून जातो आणि दोघेही एकमेकांना सायकलस्वार म्हणून ओळखत नाहीत.

इंग्लंडमध्ये हे वेगळं घडलं होतं. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये टॉम ग्रूम आणि त्याच्या मित्रांनी ‘क्लॅरियन’ सायकल क्लब काढला. रॉबर्ट ब्लॅचफर्डच्या समाजवादी साप्ताहिकाचं नाव त्यांनी घेतलं होतं. आठवडाभर काम करून ही माणसं सुटीच्या दिवशी गटाने खेड्यांत जात, आपली पत्रकं वाटत, आणि रस्त्यात दुसरा क्लॅरियनवाला भेटला की एक जण ‘बूट्स!’ म्हणून ओरडे, दुसरा ‘स्पर्स!’ म्हणून उत्तर देई. तिथे क्लबची सायकल आणि कामाची सायकल एकच होती.

आपल्या क्लबांनी रविवारची पहाट निवडली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी दूधवाला आणि पेपरवाला कामावर असतात. हेल्मेटची आणि गियरच्या सायकलची अटही बहुधा असते. हेल्मेट मी सोडणार नाही; ते क्लबाने आपल्या खर्चाने द्यावं. पण महिन्यातून एक राइड संध्याकाळी साडेसातला, सपाट रस्त्याने, ताशी बारा-तेराच्या वर न जाता ठेवता येईल, जिला कोणतीही चालती सायकल चालेल. २०१७ च्या पुणे सायकल आराखड्यात आठशे किलोमीटरहून अधिक मार्गांचं जाळं आखलं होतं; ते आजही मागायचं असेल तर मागणाऱ्यांत रोज दोन वेळा त्याच रस्त्यावरून जाणारे असायला हवेत. खड्डा कुठे आहे हे त्यांना पाठ आहे. पहिली अशी राइड स्वारगेटजवळून निघावी, रिक्षातळाच्या मागे एक पंक्चरवाला उभा करावा, आणि ज्याच्या सायकलचे ब्रेक लागत नाहीत त्याचे ब्लॉक निघण्याआधी फुकट बदलून द्यावेत.