१२३ जिंकले, ५ हरले

कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहात? मग ‘हे खेळून पुढे काय?’ हा प्रश्न तुम्हाला घरी, स्टाफरूममध्ये आणि शेजारच्या काकूंकडूनही आला असणार. क्रिकेटवाला निदान आयपीएलचं नाव घेऊन सुटतो. आपण काय सांगायचं?

१९७८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात दाखल झालेल्या एका मुलाकडेही याचं तयार उत्तर नव्हतं. नाव कार्च किराय. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, पण उच्चार किरायच. हंगेरियन भाषेत किराय म्हणजे राजा! वडील लास्लो हंगेरीच्या ज्युनियर संघातून खेळलेले. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर ते देश सोडून अमेरिकेत आले, पुढे डॉक्टर झाले. पोराच्या हातात त्यांनी सहाव्या वर्षी बॉल दिला.

आणि इथेच गंमत आहे. हे शिक्षण झालं सांता बार्बराच्या किनाऱ्यावर, वाळूत. अकराव्या वर्षी कार्च वडिलांचा जोडीदार म्हणून मोठ्या माणसांच्या बीच स्पर्धेत उतरला. तुम्ही हॉलमध्ये किंवा मातीच्या ग्राउंडवर सहा जण खेळता, तेवढंच साधारण ९ बाय ९ मीटरचं मैदान तिथे दोघांनी सांभाळायचं. वर वारा, पायाखाली सरकणारी वाळू. समोरचे लोक अर्थातच लहान मुलावर सर्व्हिस टाकणार. (तुम्ही नसती टाकली?) म्हणजे पहिला बॉल त्यानेच उचलायचा, वडिलांनी दिलेली लिफ्ट त्यानेच मारायची आणि परत आलेला बॉलही त्यानेच धावत जाऊन काढायचा. ‘मी फक्त स्मॅशर आहे, अंडरहँड माझं काम नाही’ असं म्हणायची सोयच नाही. आपल्याकडच्या किती टीम याच एका वाक्यावर सेमीफायनल हरतात, ते तुम्ही मला सांगा.

यूसीएलएचे कोच होते अल स्केट्स. इतकी वर्षं अमेरिकेतल्या सर्वोत्तम पुरुष संघाला शिकवणारा हा माणूस पोटासाठी प्राथमिक शाळेत पीटी घ्यायचा. पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये तिथेही पैसा कसा होता, याचा अंदाज यावरून करा. स्केट्सनी पहिल्याच वर्षी कार्चला सेटर, म्हणजे आपला लिफ्टर, केलं; पण अर्धा. दुसरा लिफ्टर सिनजिन स्मिथ. दोघांपैकी जो मागच्या रांगेत असेल तो पुढे येऊन लिफ्ट करणार आणि पुढच्या रांगेत आला की स्मॅश मारणार. त्यामुळे नेटवर कायम तीन मारणारे मोकळे. कागदावर सोपं वाटतं, पण त्यासाठी दोन्ही कामं तितकीच येणारी दोन माणसं लागतात. वाळूत वाढलेल्या मुलाला ती येत होती.

१९७९ मध्ये यूसीएलए एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेती ठरली. लगेच पुढच्या वर्षी मात्र फायनलमध्ये शहरातल्याच यूएससीने हरवलं. १९८१ ला त्याच यूएससीला हरवून यूसीएलएने विजेतेपद परत आणलं. १९८२ ला पुन्हा एकही पराभव नाही. चार वर्षांचा हिशेब : १२३ विजय, ५ पराभव, तीन विजेतेपदं. मला विचाराल तर या आकड्यांमधला सगळ्यात भारी आकडा १२३ नाही, ५ आहे. चार वर्षांत टीम बदलते, लोक पास आउट होतात, कुणाचा तरी गुडघा जातो आणि तरीही फक्त पाच!

या सगळ्यात तो शिकत काय होता? बायोकेमिस्ट्री. प्रॅक्टिकल बुडवून चालत नाही असा विषय. त्यातच १९८१ पासून राष्ट्रीय संघ सुरू झाला. संघाचं केंद्र सॅन दिएगोला, कॉलेज लॉस एंजेलिसला. अमेरिकेत होती ती व्यावसायिक लीगही १९८० च्या सुमारास बंद पडली होती. घरी डॉक्टर वडील, हातात विज्ञानाची पदवी येऊ घातलेली आणि समोर ज्यात धड पगार नाही असा खेळ. तुमच्या घरी या तीन गोष्टींची बेरीज काय झाली असती?

त्याने दोन्ही टोकं धरून ठेवली. १९८३ मध्ये उत्तम मार्कांनी पदवी घेतली आणि राष्ट्रीय संघात राहिला. तिथले कोच डग बील यांनी एक धाडस केलं. लिबेरो तेव्हा नव्हता, तो नियम १९९८ चा. चार-पाच जणांनी घ्यायची सर्व्हिस बीलनी दोघांवर सोपवली : ऑल्डिस बर्झिन्स आणि कार्च. वाळूतलंच गणित, फक्त छताखाली. बाकीचे फक्त मारायला मोकळे.

ऑगस्ट १९८४. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची फायनल, समोर ब्राझील. गटातल्या सामन्यात याच ब्राझीलने अमेरिकेला हरवलं होतं. फायनल मात्र अमेरिकेने सरळ तीन सेटमध्ये मारली. व्हॉलीबॉलमधलं अमेरिकेचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. संघातला सगळ्यात लहान खेळाडू होता २३ वर्षांचा, कॉलेज संपून जेमतेम वर्ष झालेला बायोकेमिस्ट.