चकमा बांधव आणि नागरिकत्वाचा प्रश्न

परदेशातून आलेल्या माणसाचे काय करायचे, याचे साधारण तीन मार्ग असतात. परत पाठवणे, ठरावीक तारखेपर्यंत आलेल्यांना सामावून घेणे, किंवा प्रत्येकाचा अर्ज तपासून निर्णय देणे. १९८५ च्या आसाम करारात तारखेचा मार्ग स्वीकारला गेला. १९६६ पूर्वी आलेल्यांना मान्यता मिळाली. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावे दहा वर्षांसाठी मतदारयादीतून वगळायची आणि पुढे आलेल्यांना परत पाठवायचे असे ठरले.

परंतु कोणताच निर्णय न घेणे हा चौथा मार्गही असतो. आपल्या चकमा धम्मबांधवांच्या वाट्याला तोच आला.

चकमा हे चितगावच्या डोंगराळ मुलखातील बौद्ध. फाळणीत तो मुलूख पाकिस्तानात गेला. १९६२ मध्ये कर्णफुली नदीवरील काप्ताई धरण पूर्ण झाले आणि सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. त्यांपैकी हजारो भारतात आली. १९६४ ते १९६९ या काळात केंद्र सरकारनेच त्यांना आणि हाजोंग कुटुंबांना तेव्हाच्या 'नेफा'त, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. त्यांना घुसखोर म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

नागरिकत्वाचा अर्ज जिल्हा अधिकाऱ्यामार्फत केंद्राकडे जावा लागतो. हे अर्ज खालीच अडले. बँकेच्या काउंटरवर रोज दिसते की एक कागद नसला तर माणसाचे काम थांबते. येथे तर पिढ्या थांबल्या. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात नेले. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की कलम २१ चे संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक व्यक्तीला आहे. राज्याने चकमांच्या जीविताचे रक्षण करावे व अर्ज पुढे पाठवावेत. २०१५ मध्ये न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. तरीही प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे, पण इनर लाइन परवान्याच्या क्षेत्राला तो लागू नाही, आणि अरुणाचल त्या क्षेत्रात येते.

स्थानिक आदिवासींची भीतीही खोटी नाही. आपली जमीन जाईल, आपण अल्पसंख्य होऊ, ही त्यांची चिंता आहे. तिचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. शेजाऱ्याचे कागद अडवून ते मिळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनी संविधानातील कलम ५ ते ११ आणि कलम २१ शेजारी ठेवून वाचावे. पहिल्यात 'नागरिक' आहे, दुसऱ्यात 'व्यक्ती'. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने ठेवलेला हा फरक ज्याला समजला, तो कागद नसलेल्या माणसालाही माणूस मानील.